मातीचा मावळा आणि हातची रेघ

ग्रंथ, नाटक व गायन यांची परीक्षा करण्याची वहिवाट आपल्याकडे जुनी आहे. एखाद्या नामांकित चित्रकाराचें प्रदर्शन भरलें, तर त्यावरही कोणी चार शब्द लिहितो. परंतु जी कला घरोघर वर्षांतून एकदां येते, अंगणांत चार दिवस मांडली जाते आणि पुढें माळ्यावरच्या टोपलींत जाऊन पडते, तिचें गुणदोषविवेचन करावें असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. दिवाळींतल्या किल्ल्यावर मांडावयाचे मातीचे मावळे ही अशीच एक उपेक्षित कला होय. किल्ल्याच्या तटाचें व बुरुजांचें कौतुक होतें, स्पर्धा भरतात, बक्षिसें वांटलीं जातात. पण वीतभरही उंची नसलेल्या त्या शिपायाच्या तोंडावर भुवई कशी काढिली आहे, हें वांकून पाहणारा परीक्षक विरळा. प्रस्तुत लेखाचा विषय ती भुवई हा आहे. विषय लहान आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु लहान वस्तूंत कलेचे मोठे प्रश्न अधिक स्वच्छ दिसतात, असा आमचा समज आहे.

रत्नागिरीच्या मांडवींत किल्ला करणाऱ्या मुलांस नमुना शोधावयास दूर जावें लागत नाहीं. काळसर वाळूच्या किनाऱ्यावरून पश्चिमेकडे पाहिलें म्हणजे रत्नदुर्ग डोळ्यांपुढें उभा असतो. घोड्याच्या नालासारखा त्याचा आकार, बालेकिल्ल्यांतलें भगवतीचें देऊळ, दुसऱ्या टेंकडीवरचें दीपगृह आणि तीन बाजूंस समुद्र, हें सर्व येथल्या पोरासोरांस पाठ असतें. जांभ्याची तांबडी माती व चिरे तर दारांतच असतात. म्हणून येथल्या अंगणांतला किल्ला बहुधा खरा उतरतो. मात्र किल्ल्यावरची माणसें बाजारांतून येतात. आणि किल्ला कितीही खरा असला, तरी तो गाजता कीं ओसाड, हें त्या माणसांवर ठरतें.

मावळा दोनदां जन्मतो. प्रथम साच्यांत व मग कुंचल्याखालीं. मळलेली माती साच्यांत दाबून काढिली कीं देह झाला. तो वाळवून, कित्येक ठिकाणीं भाजून, त्यावर पांढऱ्या रंगाचा हात दिला कीं तो रंगास योग्य झाला. अंगाचा वर्ण, अंगरख्याचा रंग, पागोट्याचा रंग हे सपाट रंग सवयीचा कोणताही हात भरूं शकतो. येथवर शंभर मावळे एकमेकांचे जुळे भाऊ असतात. यानंतरचें काम वेगळें: भुवया, डोळे, मिशी, कपाळीचें गंध, पागोट्याचे पेच, शेल्याची किनार, ढालीवरचे ठिपके. जुन्या साच्यांत हीं कामें नसत. त्यांस ठसा नाहीं, पट्टी नाहीं, आधीं पेन्सिलीनें आखून घेण्याजोगी जागाही नाहीं. तीं मोकळ्या हातानें, एका दमांत करावीं लागतात. गणपतीच्या शाळेंत या कामास आखणी म्हणतात. तेथें रंग भरण्याचें काम घरच्या मुलांसही मिळतें, पण डोळ्यांची आखणी बहुधा जाणता कारागीर स्वतःच्या हातीं ठेवितो. मावळ्याच्या नशिबीं इतका मान नाहीं. तथापि कौशल्य तेंच आणि जागा त्याहून फार थोडी.

ती जागा किती थोडी, हें मोजून पाहण्यासारखें आहे. तीन इंच उंचीचा मावळा घेऊं. साडेपांच फूट उंचीचा मनुष्य त्यांत बावीस पटींनीं लहान झाला आहे. माणसाच्या डोळ्याची रुंदी सुमारें तीन सेंटिमीटर धरिली, तर मावळ्याच्या डोळ्यास दीड मिलिमीटरहूनही कमी जागा मिळते. आणि तेवढ्यांत पांढरें, काळें व वरची पापणी हीं तिन्ही बसवावयाचीं असतात. पापणीची कड खऱ्या मापानें काढावयाची म्हटली, तर डोक्याच्या केसाएवढी बारीक रेघ लागेल, आणि अशी रेघ काढिली तरी उभ्यानें पाहणाऱ्यास ती दिसणार नाहीं. मावळा जमिनीवरच्या किल्ल्यांत असतो, पाहणारा त्याच्यापासून दोन हातांवर असतो. तेव्हां मापानें खरें काढणें येथें शक्यही नाहीं व इष्टही नाहीं. काय गाळावयाचें आणि काय मुद्दाम वाढवावयाचें, हा निर्णय म्हणजेच या कलेंतली बुद्धि होय. हात त्या निर्णयाचा चाकर आहे.

आतां हाताविषयीं. बारीक रेघेस बारीक कुंचला हवा, अशी सामान्य समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. चार केसांच्या कुंचल्यांत रंग टिकत नाहीं. रेघ अर्ध्यावर पोंचण्यापूर्वींच तो सुकतो. पोट भरलेला पण टोंक शाबूत असलेला कुंचला हवा. आपल्याकडील लघुचित्रकार खारीच्या शेपटीच्या केसांचे कुंचले वापरीत, तेंही अशा टोंकासाठींच. रंग ताकासारखा पातळ, पण ओघळणार नाहीं इतपत दाट असावा लागतो. दोन्ही हातांचीं मनगटें एकमेकांस टेंकून धरावीं, करंगळी मूर्तीवर टेंकवावी, आणि शक्य तेथें कुंचला न वळवितां मावळाच फिरवावा. भुवई नाकाच्या बाजूनें सुरू करून बाहेर न्यावी आणि शेवटीं कुंचला उचलीत जावा, म्हणजे रेघ आपोआप निमुळती होते. डोळा काढतांना आधीं गडद बदामी आकार, त्यांत पांढरें, आणि मग बुबुळ असा क्रम सोयीचा. बुबुळ वरच्या पापणीस चिकटलेलें असावें. त्याच्या चोहों बाजूंस पांढरें राहिलें, तर गनिमावर धांवणारा वीर भुतास भ्यालेला दिसूं लागतो. जो डोळा हातास अवघड जातो, तो आधीं काढून सोपा मागाहून त्याशीं जुळविणें हा शहाणपणा. पागोट्याचे पेच काढतांना रेघ डोक्याच्या गोलाईबरोबर फिरली पाहिजे. ती सरळ गेली, तर पागोटें गुंडाळलेलें न दिसतां डोक्यावर पाटी ठेविल्यासारखें दिसतें.

हें सर्व तंत्र झालें. तंत्राचा उपयोग कशाकरितां, हें पाहण्यास प्रत्यक्ष उदाहरण घेणें बरें. आमच्यासमोर दोन मावळे उभे आहेत. पहिला हल्लींच्या बाजारांतला, प्लास्टरचा. साचा नवा व धारदार असल्यानें अंगरख्याच्या चुण्यासुद्धां उमटल्या आहेत. डोळ्यांचा आकार साच्यांतच उठवून घेतला असून कुंचल्यास फक्त तो भरण्याचें काम उरलें आहे. गालांवर फवाऱ्यानें गुलाबी छटा मारिली आहे. पागोट्यास, कंबरपट्ट्यास व तलवारीच्या मुठीस सोनेरी चकाकी दिली आहे. दोन्ही भुवया एकमेकींच्या हुबेहुब प्रतिकृति आहेत. प्रथमदर्शनीं मनुष्य प्रसन्न होतो. परंतु क्षणभर अधिक पाहिलें कीं ध्यानांत येतें, हा गृहस्थ कोठेंच पाहत नाहीं. हातांत उपसलेली तलवार आहे, पाय पुढें टाकिलेला आहे. तोंड मात्र छायाचित्रासाठीं बसलेल्या नवरदेवाचें. देह लढाईंत आणि चेहरा मंडपांत, अशी ही विसंगति आहे. चकाकी इतकी सारखी पसरली आहे कीं मूठ, पट्टा व पागोटें यांपैकीं महत्त्वाचें काय, हें डोळ्यास कळत नाहीं.

दुसरा मावळा जुना, भाजल्या मातीचा. साचा झिजलेला होता. नाक बसकें आहे, बोटें एकमेकांत मिसळलीं आहेत, पाठ तर सपाट फळीसारखी असून तिच्यावर एकच रंग फांसला आहे. पण रंगविणाऱ्यानें तोंडावर दहाबाराच फटकारे मारिले आहेत आणि त्यांतला एकही वायां गेलेला नाहीं. डावी भुवई उजवीहून किंचित् वर चढली आहे. दोन्ही बुबुळें उजव्या कोपऱ्याकडे आहेत, आणि भाल्याचें टोंकही त्याच बाजूस आहे. म्हणजे नजर व हत्यार यांचें एकमत आहे. मिशीची प्रत्येक बाजू एका फटकाऱ्यांत काढून टोंकास वर उचलली आहे. शेल्याची किनार सबंध न काढितां सात ठिपक्यांवर भागविली आहे. ठिपके जवळून ठिपकेच दिसतात, दोन हातांवरून मात्र किनार दिसते. या मावळ्यास घाई आहे, राग आहे आणि थोडी खोडीही आहे. साच्यानें त्यास यांपैकीं कांहींही दिलेलें नव्हतें.

येथें एका गैरसमजापासून सावध राहिलें पाहिजे. या दुसऱ्या मावळ्याच्या कपाळींचें गंध मध्यावरून सरकलें आहे, तो दोष आहे व तो दोषच म्हटला पाहिजे. हातचें तेवढें थोर, वांकडें तेवढें गोड, अशी जी एक भाबडी रसिकता अलीकडे बोकाळली आहे, तिच्याशीं आमचें सख्य नाहीं. चढलेली भुवई आणि सरकलेलें गंध यांत फरक आहे. भुवईनें चेहऱ्यास अर्थ दिला. गंधानें कांहींच दिलें नाहीं, तें केवळ चुकलें. सारखेपणा मोडला एवढ्यानें गुण होत नाहीं; मोडून काय साधलें, हें परीक्षकानें विचारावें. तसेंच यंत्राचा वा फवाऱ्याचा आम्हांस मूळचा द्वेष नाहीं. सपाट रंग भरण्यास फवारा कुंचल्याहून सरस असूं शकेल. आमची तक्रार एवढीच कीं, जेथें निर्णय घ्यावयाचा तेथें निर्णय टाळण्यासाठीं साधनें वापरलीं जात आहेत.

कोणी म्हणेल, सैनिक हे सारखेच दिसावयाचे. त्यांत एकास राग व दुसऱ्यास खोडी कशाला? हा आक्षेप युरोपच्या फौजेविषयीं खरा, मावळ्यांविषयीं नाहीं. युरोपांत खेळण्यांतल्या शिपायांची परंपरा मोठी आहे. अठराव्या शतकांत न्यूरेंबर्ग येथील कारागीर कथलाचे चपटे शिपाई ओतीत. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यानें १८९३ सालीं शिशाचे पोकळ शिपाई ओतण्याची युक्ति काढिली आणि ते घरोघर पोंचले. पण ते शिपाई ज्या पलटणींचे, त्या पलटणींचा गणवेशच एकसारखा होता. तेथें रंगविणाऱ्याचें कौशल्य हें कीं, लाल डगल्यावरचा पांढरा पट्टा पहिल्यावर जेथें, तेथेंच शंभराव्यावर यावा. शिवकालीन पायदळास आजच्या अर्थानें एकसारखा गणवेश नव्हता. महादजी शिंदे यांनीं द बॉयन याच्याकडून कवायती पलटणी उभ्या करविल्या, त्या पुढें अठराव्या शतकाच्या अखेरीस. मावळा घरच्या धोतरा-मुंडाशानिशीं मुलुखांतून आलेला. तेव्हां किल्ल्यावरचे पन्नास मावळे पन्नास तऱ्हांचे दिसले, तर तें केवळ कलेच्या नव्हे, इतिहासाच्याही अधिक जवळ जातें. त्या सर्वांस एकाच छापाचा हिरवा अंगरखा व एकाच छापाचें हंसूं देणें म्हणजे नकळत त्यांस परक्या पलटणींत भरती करणें होय.

युद्धाच्या खेळास तरी रंगाची आवश्यकता आहे काय, हेंही विचारण्याजोगें आहे. प्रशियाच्या सैन्यांतील राइसविट्झ या अधिकाऱ्यानें १८२४ सालीं जो युद्धखेळ सिद्ध केला, त्यांत अंमलदार नकाशावर लाल व निळे ठोकळे सरकवीत. त्या ठोकळ्यांस ना डोळे, ना मिशा. तरी त्यावर डावपेचांचें शिक्षण उत्तम होई. उलट एच्. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकारानें १९१३ सालीं खेळण्यांतल्या शिपायांच्या लढाईवर सबंध पुस्तक लिहिलें, आणि त्यानें ठोकळे न घेतां रंगविलेले शिपाईच घेतले. यावरून एक गोष्ट निघते. लढाईच्या हिशेबास रंग लागत नाहीं. रंग लागतो तो ज्याचा हिशेब होतो आहे तो माणूस आहे, याची आठवण राहण्यास. ठोकळा पडला तर संख्या एकानें कमी होते. ज्यास नजर आहे असा मावळा बुरुजावरून कोसळला, तर पोर चटकन् हात पुढें करितें.

याच विलायती परंपरेंतून पुढें जो छंद वाढला, त्याचा दाखला आमच्या मुद्द्यास विशेष उपकारक आहे. इंग्लंडांतील गेम्स वर्कशॉप या कंपनीनें १९८३ सालीं वॉरहॅमर नांवाचा काल्पनिक युद्धाचा खेळ काढिला. त्यांतल्या साध्या शिपायांच्या मूर्ति अगदीं लहान असतात. साच्याची कारागिरी अशी कीं बोटांचीं नखें मोजावीं. ढालीवर व निशाणांवर काढावयाचीं चिन्हें पाण्यांत भिजवून चिकटविण्याजोगीं छापील मिळतात. तीं लाविलीं कीं काम निर्दोष होतें. असें असूनही, १९८७ सालापासून त्या कंपनीनें मूर्ति रंगविण्याची जी स्पर्धा चालविली, तिच्यांत व त्या छंदाच्या मंडळींत मोकळ्या हातानें काढलेल्या चिन्हास मोठा मान आहे. अंगठ्याच्या नखाएवढ्या निशाणावर कोणी वाघ काढितो, कोणी झग्याच्या कांठावर वेल काढितो. छाप हाताशीं असतां लोक हात चालवितात, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. यंत्राची सफाई जेथें सर्वांस सुलभ झाली, तेथेंच हातच्या रेघेची किंमत वाढली. आपल्याकडे मात्र ती सफाई नुकती येऊं लागली आहे आणि आपण तिच्यावर भाळून रेघ टाकून देण्याच्या बेतांत आहों.

छाप नको म्हणजे सर्वत्र वैचित्र्य हवें, असाही नियम नाहीं, हें कोंकणांतल्याच दुसऱ्या एका कलेवरून दिसतें. सावंतवाडीच्या गंजिफांचीं वाटोळीं पानें हातानेंच रंगविलेलीं असतात. दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचे दहा संच आणि प्रत्येकांत बारा पानें, मिळून एकशेंवीस पानें होतात. मत्स्याच्या पानांवर मासा, कूर्माच्या पानांवर कांसव, परशुरामाच्या पानांवर परशु, अशीं चिन्हें पानाच्या किंमतीइतक्या वेळां काढावीं लागतात. तेथें दहावा मासा पहिल्या माशाचा सख्खा भाऊ असलाच पाहिजे, नाहीं तर खेळणाऱ्याची फसगत होईल. आणि पानाची पाठ तर सर्वांची एकच हवी. म्हणजे तेथें हाताचा गुण सारखेपणांत आहे. तरीही त्या माशांच्या रांगेंत जो जिवंतपणा दिसतो, तो छापील पत्त्यांत नाहीं. कारण प्रत्येक मासा पुन्हा काढला आहे, उमटविलेला नाहीं. वस्तूच्या कामावरून रेघेचा धर्म ठरतो. गंजिफेस सारखेपणा हवा, मावळ्यास वेगळेपणा. पण दोहोंस हात हवाच.

मग बाजारांतला मावळा असा कां होत चालला? याचा दोष कारागिराच्या माथीं मारणें सोपें आहे, पण न्याय्य नाहीं. जो नगावर मजुरी घेतो, त्यास एका तोंडावर जास्त वेळ घालविणें परवडत नाहीं. आणि ज्यास चांगल्या भुवईबद्दल कधीं एक पैसाही अधिक मिळाला नाहीं, त्यानें ती काढावी तरी कां? दुकानांत आपण सुशिक्षित मंडळी काय करितों, तें आठवावें. रंग चकचकीत आहे ना, कोठें खरचटलेला नाहीं ना, डोळे सारखे आहेत ना, एवढें पाहून आणि भाव पाडून आपण मावळे पिशवींत टाकितों. ‘डोळे सारखे’ ही आपली एकमेव कसोटी आहे, आणि कारागीर त्याच कसोटीस उतरण्याचा प्रयत्न करीत आहे. सारखे डोळे काढण्याचा निश्चित उपाय साच्यांत आहे, म्हणून साचा जिंकतो. गिऱ्हाईक जसें पाहतें, तसा मावळा पाहूं लागतो.

चार दिवसांच्या खेळण्यास एवढी चिकित्सा कशाला, असा शेवटचा आक्षेप घेतला जाईल. दारापुढली रांगोळी एका दिवसाचीही नसते. म्हणून ती वांकडी चालेल, असें कोणत्याही घरची आजी म्हणणार नाहीं. शिवाय येथें प्रश्न मावळ्याच्या आयुष्याचा नसून तो मांडणाऱ्या मुलाच्या दृष्टीचा आहे. ज्या वयांत माणसाचा चेहरा वाचण्याची संवय लागावयाची, त्या वयांत आपण त्याच्या हातीं पन्नास सारखे चेहरे देतों, आणि वर त्यास सांगतों कीं हे शूर होते. शौर्य चेहऱ्यावर कसें दिसतें, हें त्यास कोठून कळावें?

यावर उपाय फार दूरचा नाहीं. आईबापांनीं एखाद्या वर्षीं थोडेसे न रंगविलेले मावळे मागून आणावे. कुंभाराकडे ते मागितल्यास मिळूं शकतात. दोन कुंचले, पांच रंग आणि एक दुपार एवढाच खर्च. मुलाचा पहिला मावळा काणा होईल, दुसरा भ्यालेला होईल, तिसऱ्याची मिशी गालावर चढेल. तीं तोंडें पुसून वडिलांनीं स्वतः नीट करण्याचा मोह टाळावा. दहाव्या मावळ्यापाशीं मुलास कळेल कीं भुवई अर्ध्या रेघेनें वर गेली तर माणूस चिडतो आणि खालीं आली तर दमतो. हें ज्ञान त्यास कोणत्याही पुस्तकांतून इतक्या स्वस्तांत मिळणार नाहीं. ज्यानें एकदां अशी रेघ ओढिली, तो पुढल्या वर्षीं बाजारांत गेला म्हणजे मावळा हातांत घेऊन त्याच्या तोंडाकडे पाहील, आणि चांगल्या हाताचे चार पैसे अधिक देईल. स्पर्धांच्या परीक्षकांसही आमची विनंति आहे कीं, तट व बुरुज यांचे गुण देऊन झाल्यावर त्यांनीं क्षणभर गुडघे टेंकून पहाऱ्यावरच्या शिपायाची नजर पाहावी. तो समुद्राकडे पाहत असेल, तर किल्ला राखला जात आहे असें समजावें.